भरतीच्या मापाच्या हुड्या

सातारा,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय वजीर,

फोन सोडून पत्र का, हा तुझा पहिला प्रश्न असणार. आमच्या घरात फोनला रेंज फक्त हॉलमध्ये असते, आणि हॉलमध्ये आबा असतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षं झाली, पण त्यांचे कान अजून ड्यूटीवर आहेत. आणि जे लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

आधी काम सांगतो, ते तुझ्या धंद्याचं आहे. आबांच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळाला हुड्या हव्या आहेत. होय, हुड्या. दहा माजी सैनिक आणि अकरावा बिरदेव, ज्याने आयुष्यभर एसटी चालवली. सगळे सत्तरीच्या आगेमागे. अजिंक्यताऱ्याच्या चढावर कॉलेजची मुलं एकसारख्या हुड्या घालून पळतात, ती यांच्या डोळ्यांत भरली. "ती पोरं मागनं पलटण दिसत्यात आन् आपण मागनं रेशनची लाइन," असं सुभेदार आप्पासो म्हणाले आणि ठराव मंजूर झाला. निवड करायला शिकलेला माणूस हवा, म्हणून मला बोलावणं आलं.

रंगाची बैठक चहाच्या टपरीवर दीड तास चालली. ऑलिव्ह हिरवा नको, तो आता आपला हक्क नाही. मरून नको, तो पॅराशूटवाल्यांचा. खाकीत पोलीस वाटू. काळ्यात चोर वाटू. बिरदेव म्हणाला, "पिवळा घ्या, धुक्यात दिसंल." त्याला सांगण्यात आलं की तू सिव्हिलियन आहेस, तू चहा पी. शेवटी राखाडी ठरला. राखाडी कुणालाच आवडत नव्हता, त्यामुळे कुणाचीच हार झाली नाही.

आता आबांचं. दसऱ्यापासून ते फिरायला गेलेले नाहीत. थंडी वाजते म्हणतात. ऑक्टोबरात त्यांनी स्वेटर चढवला तो अजून उतरवलेला नाही. आई गेल्यापासून त्यांचं घराबाहेरचं जग म्हणजे ते दहा जण आणि तो चढ. उमा शाळेत शिकवायला जाते, मी ऑफिसात, आमचा निमिष शिकायला पुण्यात. आबा दिवसभर टीव्हीसमोर बसतात आणि टीव्ही बंद असतो. मंडळाचा गणवेश आला की ते जातील, अशी माझी आशा आहे. हे मी त्यांच्यासाठी करतो आहे की संध्याकाळी घरी आल्यावर मला त्या बंद टीव्हीकडे बघावं लागू नये म्हणून, हे मला नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल. पण ते परत चढावर गेले पाहिजेत, एवढं नक्की.

सांगलीच्या कॉलेजात तीन वर्षं आपण एका बाकावर बसलो. तू बी.कॉम. होऊन अब्बांच्या शिलाई मशीनवर बसलास, मी सरकारी खुर्चीवर. दोघांपैकी उपयोगाचं काम कोण करतं याबद्दल मला कधी शंका नव्हती. हुडी कशी निवडायची ते सांग. मी आयुष्यात एकही घातलेली नाही.

तुझा,
मुकुल


सांगली,
२३ नोव्हेंबर २०२४

मुकुलराव,

पत्र पोचलं. पोस्टमननं ते माझ्या हातात देताना असं तोंड केलं, जसं काही माझ्यावर कुणी केस टाकली आहे. आमच्या बेगमनं, अकिलानं, कात्री खाली ठेवून विचारलं, "कोण वारलं?" तिला सांगितलं, कोण नाही, मुकुलला हुडी घ्यायची आहे. ती म्हणाली, "मग पत्र बरोबर आहे."

लिहून घे, तुला लिहून घ्यायची आवड आहेच.

एक. डोक्यातून घालायची हुडी नको. साठीनंतर ती अंगात जाते, बाहेर येत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाला दोन सुनांनी धरून ओढून काढलं, तेव्हापासून ते दोन्ही सुनांशी बोलत नाहीत. पुढून पूर्ण चेनवाली घे.

दोन. टोपी उथळ. खोल टोपीत बाजूची गाडी दिसत नाही. कॉलेजच्या पोरांना समोरचीही दिसत नाही, पण त्यांना आईबाप आहेत. टोपीची नाडी मी काढून टाकणार. नाडी चहात बुडते आणि मग दिवसभर गळ्याला माश्या बसतात.

तीन. कापड सुती जास्त, आतून मऊ पिंजलेलं. दुकानात हात लावला की लोण्यासारखं लागतं आणि अंगात घातलं की करकरतं, असल्या चकचकीत मालाच्या नादी लागू नको. चढावर घाम येतो, तो कापडानं प्यायला पाहिजे.

चार. सैल किती, हा खरा प्रश्न. आजकालची पोरं दोन माणसं मावतील एवढी हुडी घेतात आणि आत अर्धं माणूस असतं. त्याला ओव्हरसाइज म्हणतात. तुझ्या फौजींना ते चालणार नाही, त्यांना खांद्याची शिवण खांद्यावर लागेल. त्यामुळे माप नेमकं पाहिजे.

आणि आता नीट ऐक. माप टेपनं घे. विचारू नकोस. शर्टावरून, काखेखालून, टेप सरळ, हात खाली सोडलेले. माणसाला त्याची छाती विचारली की तो छातीचं सांगत नाही, स्वतःबद्दल सांगतो. पंचवीस वर्षं ऐकतोय.

आबांना सलाम सांग. थंडीचं ते बघू, हुडी चढली की उतरतील रस्त्यावर.

वजीर


सातारा,
२ डिसेंबर २०२४

प्रिय वजीर,

सोबत मापं पाठवतो आहे. ती टेपने घेतलेली नाहीत. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं पत्र लिहायला मला हलकं जाईल.

मी टेप घेऊन टपरीवर गेलो होतो. सुभेदार आप्पासोंपासून सुरुवात केली, कारण ते वरिष्ठ. टेप बघून ते एक पाऊल मागे सरकले.

"ह्ये काय?"

"काका, छाती मोजायची होती."

"मोजल्याली हाय की."

"कधी?"

"भरतीला! एकोणीसशे बाहत्तर. एक्क्याऐंशी, फुगवून सत्त्याऐंशी. लिव्हा."

मी अदबीने म्हणालो की त्याला बावन्न वर्षं झाली. ते म्हणाले, "आवं, मग काय झालं? सरकारनं मोजल्याली छाती हाय. तुमच्या टेपवर शिक्का हाय का?"

त्यानंतर सगळ्यांना जोर चढला. एकेक जण सावधानमध्ये उभा राहून आकडे सांगू लागला. अठ्ठ्याहत्तर, फुगवून त्र्याऐंशी. ऐंशी, फुगवून शहाऐंशी. लग्नाची तारीख ज्यांना बायकोला विचारावी लागते त्यांना हे सेंटिमीटर पाठ आहेत. बिरदेवही उठला आणि म्हणाला, "सत्त्याहत्तर!" यावर आप्पासो कडाडले, "गप रं! तुला पंच्याहत्तरवर घरी पाठवला हुता." बिरदेव म्हणाला, "दोन सेंटिमीटर हितं टपरीवर चा पिऊन वाढल्यात."

वजीर, मी हात पुढे करायला हवा होता. टेप माझ्या हातात होती. पण ती माणसं त्या क्षणी वीस वर्षांची होऊन उभी होती आणि मला वाटलं, त्यांच्या पोटाला टेप लावणारा मी कोण? हा आदर होता की निव्वळ भित्रेपणा, यावर मी दोन दिवस विचार केला. आप्पासोंचा आवाज मोठा आहे हे त्यात धरावं लागेल.

आबांनी घरी, खुर्चीतून न उठता सांगितलं, "एकोणऐंशी, फुगवून चौऱ्याऐंशी." मी म्हटलं, उभे राहता का, बघू. ते म्हणाले, "कागद हाय." आणि खरंच ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीतला भरतीचा कागद काढून दाखवला. दुसऱ्या दिवशी आणखी चार जणांनी आपापले कागद आणले. कागद दिसला की मी हरतो, हे तुला माहीत आहे. फुगवलेला आकडा धरून इंच काढले आहेत.

मुकुल


सांगली,
६ डिसेंबर २०२४

मुकुलराव,

तुझी यादी अकिलाला दाखवली. ती म्हणाली, "शाळेच्या पोरांची ऑर्डर दिसते, कुठली शाळा?"

अकरा म्हाताऱ्यांत साडेचौतीस इंचाच्या वर एकही छाती नाही. साताऱ्यात दुष्काळ पडलाय का? पण तू कागद पाठवलेत, शिक्के आहेत, एकावर तर कर्नलची सही आहे. माझ्याकडं फक्त टेप आहे. सरकारशी मी भांडत नाही.

ठरलं तर मग. कागदावर आहे तेच शिवतो. पंधरा दिवसांत एसटीच्या पार्सलनं येईल. घालताना सगळ्यांना एकदम बोलाव आणि मला सविस्तर कळव. एक शब्द गाळू नको.

वजीर


सातारा,
२९ डिसेंबर २०२४

प्रिय वजीर,

तू हे मुद्दाम केलंस, असा मला दाट संशय आहे. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडून दोन-दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडलेली मी आज उलटून पाहिली. इतकी माया कुणी विनाकारण सोडत नाही.

सविस्तर मागितलंस, घे. सकाळी सहा वाजता टपरीवर गठ्ठा सोडला. कापड सगळ्यांना पसंत. पाठीवर मंडळाचं नाव छान उमटलंय. मग घालायला सुरुवात झाली. आप्पासोंचे हात आत गेले, खांदे गेले, चेन बेंबीपासून चार बोटं वर येऊन थांबली. ते म्हणाले, "चेन खराब हाय." दुसऱ्याने पोट आत घेऊन चेन गळ्यापर्यंत नेली आणि मग तो तसाच उभा राहिला. बोलेना. बिरदेवने विचारलं, "काय रं गड्या, श्वास घेतूयास न्हवं?" त्याने मान हलवून नाही सांगितलं.

दहा मिनिटांत निष्कर्ष निघाला: सांगलीच्या शिंप्याची टेप आखूड आहे. एकालाही असं वाटलं नाही की आकडा बहात्तर सालचा होता. फक्त बिरदेव म्हणाला, "मला भरतीत घेतलं न्हाई त्येच बरं झालं. असली कापडं जल्मभर घालाय लागली आसती." त्याचीही चेन लागली नव्हती.

दहा हुड्या परत पाठवतो आहे. प्रत्येकीला मालकाने स्वतः चिठ्ठी टाचून दिली आहे. मी त्या वाचलेल्या नाहीत. म्हणजे, एक वाचायला घेतली आणि मग ठेवून दिली.

आणि आता चांगली बातमी. अकरावी परत येणार नाही. आबांची हुडी त्यांना बसली! घरी नेऊन दिली, त्यांनी आत जाऊन घातली आणि बाहेर आले तेव्हा चेन गळ्यापर्यंत, खांद्याची शिवण जवळजवळ खांद्यावर, पुढे मागे कुठेही ओढ नाही. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "एकोणऐंशी, फुगवून चौऱ्याऐंशी. कागद खोटं बोलत न्हाई." दोन महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. फोटो काढून टपरीवर दाखवला. आप्पासो फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "हरीनं शरीर राखलंय. मानलं गड्याला." दहा जणांत एक माणूस भरतीच्या मापाचा निघाला आणि तो माझा बाप. मला अभिमान वाटला. का खोटं बोलू?

चढावर मात्र अजून गेलेले नाहीत. उद्या जातो म्हणाले. काल पण उद्याच म्हणाले होते.

मुकुल


सांगली,
१ जानेवारी २०२५

मुकुल,

पार्सल मिळालं. हो, मुद्दाम केलं. सगळ्या उसवून मोठ्या करणार होतो, त्यासाठीच माया सोडली होती. अकराच्या अकरा परत येणार याची मला खात्री होती. दहाच आल्या, म्हणून मी गठ्ठा दोनदा मोजला आणि मग तुझं पत्र वाचलं. फोन लावला, तो आबांनीच उचलला, म्हणून हे लिहितोय.

तुझ्या भाचीच्या लग्नाला, गेल्याच्या गेल्या मे महिन्यात, आबांचं जाकीट मी शिवलं होतं. माप मी घेतलं होतं, माझ्या हातानं, माझ्या टेपनं. ते जोरात हसत होते म्हणून मला दोनदा घ्यावं लागलं. मापाची वही आत्ता समोर आहे. हरी साळुंखे, छाती एक्केचाळीस, पोट एकोणचाळीस.

ही हुडी मी तेहतीसच्या छातीची शिवली आहे. हुडीत थोडी सैल जागा असतेच, ती धरूनही पस्तिसाच्या वरच्या माणसाला ती ओढणार. त्यांना ओढत नाही म्हणतोस. आणि ते आत स्वेटर घालून आहेत ना? ऑक्टोबरपासून? तो काढून हुडी घातली की स्वेटरवर?

दीड वर्षात सहा इंच कुठं गेले, मुकुल?

वय झालं म्हणशील. त्या दहा जणांचंही झालंय. त्यांची चेन लागली नाही, ती दहा माणसं ठीक आहेत. ज्याला बसली त्याला डॉक्टरकडं घेऊन जा. उद्या नको. हे पत्र वाचून संपलं की जा.

माझ्या अब्बांचे शर्ट मी दोन वेळा आत घेतले होते. ते म्हणायचे, "बारीक झालोय, बरं आहे, गुडघ्यांवर भार कमी." मी शिंपी, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच मशीनवर. तिसऱ्यांदा आत घ्यायची वेळ आली नाही.

वजीर


सातारा,
१३ जानेवारी २०२५

प्रिय वजीर,

तुझं पत्र तीन तारखेला मिळालं आणि त्याच दिवशी आबांना नेलं. थंडीसाठी ताकदीचं औषध आणू, असं खोटं सांगून नेलं. आज ते घरी आले. दहा दिवस दवाखान्यात होते. साखर चारशे अडतीस निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर असेच राहिले असते तर बोलणं वेगळं झालं असतं. धोका टळला आहे. आता रोज इन्सुलिन, ते उमा देते. मला जमत नाही, मी सुई हातात घेऊन तीनदा आकडा तपासतो आणि मग आबा मला धीर देतात, ते बघवत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: स्वेटरवर. डॉक्टरांनी कपडे काढायला सांगितले. हुडी निघाली, तिच्याखाली स्वेटर, त्याच्याखाली शर्ट, शर्टाखाली दोन बनियन. एकेक थर खाली ठेवत होतो आणि बाप कमी होत होता. शेवटी जे उरलं ते बघून मी खिडकीबाहेर पाहिलं. वजन चौदा किलोंनी उतरलं आहे. त्यांना थंडी वाजत होती हे खरंच होतं. आणि त्या कपड्यांमुळे आम्हाला काही दिसू नये, हेही त्यांना हवं होतं.

मी वीस वर्षं रोजनिशी लिहितो, हे तुला माहीत आहे. परवा मागची पानं उलटली. ९ ऑक्टोबर: "आबांनी आज पाण्याचा जग तीनदा भरला. ऑक्टोबर हीट." २२ ऑक्टोबर: "बाथरूमचा दिवा पुन्हा चालू राहिला होता. आबांना सांगायला हवं." १५ नोव्हेंबर: "आबांनी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. खिळा जागेवर ठेवला नाही." सगळं आहे, वजीर. तारखेनिशी, स्वच्छ अक्षरात. डॉक्टरला यापेक्षा नेमकी माहिती कुणी दिली नसती. मी फक्त खिळ्याबद्दल तक्रार केली आणि पान उलटलं. आणि त्यांची हुडी बसली तेव्हा मी फोटो काढला.

फिरणं का बंद केलं तेही कळलं. मला नाही सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मी पडद्याच्या अलीकडे होतो. "दर धा मिनिटाला थांबाय लागतंय, साहेब. रांग सोडून कडंला जायाचं, आन् बाकीची बघत उभी. फौजेत मी कवा रांग सोडली न्हाई." दसऱ्याला एकदा चढावर वेळेत कडेला पोचता आलं नाही. त्या दिवसापासून ते गेले नाहीत.

डॉक्टर म्हणतात, औषधाने फरक पडेल, पण थोडा वेळ लागेल आणि फिरणं आजपासून हवं. आबा म्हणतात, गॅलरीत फिरीन. आमची गॅलरी सात पावलांची आहे. मी समजावलं, उमाने समजावलं. ते मान हलवतात आणि टीव्हीसमोर बसतात. ते मंडळात परत गेले नाहीत तर साखर उतरूनही ते उतरतच जातील, असं मला वाटतं. तुझं ते ऐकतात. जाकिटाच्या मापाला हसले होते, ते तुझ्यापाशीच. त्यांना चार ओळी लिहिशील? मी वाचणार नाही.

मुकुल


सांगली,
१८ जानेवारी २०२५

आबांना वजीरचा सलाम,

तुमच्या मंडळाच्या दहा हुड्या मी उसवून मोठ्या केल्या. आता त्यात माणूसही मावतं आणि त्याचा नाष्टाही. सोमवारी टपरीवर पोचतील.

त्या हुड्यांना चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. छाती वाढव, हे सगळ्यांनी लिहिलंय. पण त्याखाली काही जणांनी वेगळं एक काम लिहिलंय, आणि "कुणाला बोलू नये" असं खाली रेघ मारून. काम असं: हुडी खालून चार बोटं आखूड कर, कारण चढावर घाईची वेळ येते आणि तेव्हा खालचा घट्ट पट्टा आडवा येतो.

कुणी लिहिलं ते सांगणार नाही. शिंप्याकडं माणसाची मापं असतात, ती दुकानाबाहेर जात नाहीत. मुकुलला तुमचं सांगितलं, ते एकदाच, आणि त्याची माफी मागत नाही. पण आकडा सांगायला हरकत नाही.

सहा. दहापैकी सहा, आबा. त्यातला एक हुद्द्यानं तुमच्या वरचा आहे.

तुमची हुडी पाठवा, तीही आखूड करून देतो.

तुमचा,
वजीर


सातारा,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. वजीरला हरी साळुंखेचा आशीर्वाद,

तुजं पत्र पोचलं. मुकुलनं वाचलं न्हाई म्हणतो. पाकीट उघडून परत चिकटवल्यालं वाटत न्हाई, तवा खरं आसंल. त्याला वाचायची लय इच्छा हुती, तीन दिस माज्या आजूबाजूला घुटमळत हुता.

पत्र वाचून मी धा दिस इचार केला. सहा म्हंजे निम्म्याच्या वर. निम्म्याच्या वर पलटण आजारी असली तर ती पलटण आजारी, एकट्या जवानाचा दोष न्हाई. मग बुदवारी गेलो. हुडी घातली. चढाच्या पयल्या वळणावरच घाई लागली. पाय थांबलं. समदी थांबली. आता काय करावं, म्हणून मी आप्पासोकडं बघून सावधानमधी उभा ऱ्हायलो आन् मोठ्यानं म्हणालो, "सुभेदार साब, मला साखर हाय. चारशे अडतीस हुती. मला कडंला जायाचंय."

आप्पासोनं माज्याकडं बघितलं. त्याचा रंगच उतरला. मला वाटलं आता हसणार. तर म्हणाला, "आरं हऱ्या, तीन म्हैनं झालं मी रोज ह्या वळणावर बुटाची नाडी बांधतूय. माज्या बुटाला नाडी न्हाई. तुला आदी बोलता येत न्हवतं व्हय रं?" आन् माज्या आदी पळाला.

मग एकेकाचं निघालं. कुणाला साखर, कुणाला त्ये दुसरं, म्हातारपणाचं. एकजण रोज पक्षी बघायचा म्हणून मागं ऱ्हायाचा. आमी त्याला लय हुशार समजत हुतो. बिरदेव म्हणाला, मी येष्टी चालवायचो तवा धा-धा तास दाबून धरलंय, त्याची भरपाई आता चाललीया. लय हासलो. डोळ्यातनं पाणी आलं. काहींच्या दुसरीकडनं बी आलं आसंल, इचारलं न्हाई.

आता त्या वळणावर आमचा हॉल्ट हाय. सुभेदार शिट्टी मारतो. आकराच्या आकरा जण, घाई असू नाहीतर नसू, दरीकडं तोंड करून एका रांगंत उबं ऱ्हायाचं, म्हंजे कुणी एकटा पडत न्हाई. रांग कुणालाच सोडाय लागत न्हाई.

मुकुल रोज माजं वजन करतो आन् वहीत लिवतो. दीड किलो वाढलं. चेन अजून लागती, पर आता जरा वडती. वडाय लागली तवा मुकुल असा खूश झाला जसा काय पोराला नोकरी लागली. हुडी आत्ताच पाठवत न्हाई. रोज लागती.

परवाची गोष्ट सांगून पत्र संपवतो. हॉल्ट चालू हुता. सूर्य नुकता वर येत हुता. मागं रस्त्यावर एक गाडी थांबली, परगावची. नवरा-बायकू उतरली आसावीत, आमास्नी दिसत न्हवती, आवाज यायचा. बाई म्हणाली, "बघा ना, किती शिस्तीत उभे आहेत." पाठीवर नाव वाचलं वाटतं. पुरुष म्हणाला, "माजी सैनिक दिसतात गं. उगवत्या सूर्याला मानवंदना देतायत." मग बूट आपटल्याचा आवाज आला आन् त्यो म्हणाला, "जय हिंद, साहेब!"

सॅलूट आला की उलटा द्यावाच लागतो. फौजेचा नेम हाय, तीस वर्सात मी कवा मोडला न्हाई. आकरा माणसं हुती. एकानं बी वळून दिला न्हाई.

हरी साळुंखे
हवालदार (निवृत्त)